ह्वांग जांग लीचे स्वस्तातले पिक्चर बघायचे कसे

ड्रंकन मास्टर बघितलाय ना? केबलवर, फुटपाथवरच्या सीडीवर, मोबाईलवर, कुठेतरी बघितलाच असणार. त्यात शेवटी जॅकी चॅन ज्याच्याशी भिडतो तो मिशीवाला आठवा, पैसे घेऊन माणसं मारणारा, ज्याला थंडरलेग म्हणतात. जॅकी सगळ्यांना आठवतो, दारू पिऊन झोकांड्या खात केलेली फायटिंग आठवते, म्हातारा गुरू आठवतो आणि या माणसाचं नाव विचारलं की सगळे गप्प. तो ह्वांग जांग ली. माझ्या मते त्या काळात कॅमेऱ्यासमोर याच्याएवढी कडक लाथ कोणी मारलेली नाही, आणि हे मी उगाच फॅनगिरी म्हणून बोलत नाही, खाली सांगतो तसं बघा आणि मग काय ते ठरवा.

थोडक्यात माणूस कोण ते सांगतो, कारण ते माहीत असलं की बघायला वेगळीच मजा येते. आईवडील कोरियन, जन्म जपानमध्ये १९४४ च्या डिसेंबरात, वाढला कोरियात. तायक्वांदो शिकला आणि व्हिएतनाम युद्धाच्या वेळी तिकडे सैनिकांना तायक्वांदो शिकवायला होता. म्हणजे ॲक्टिंग करता करता चार लाथा शिकलेला हा गडी नव्हे, सैनिक घडवणारा मास्तर आहे आणि पिक्चरमध्ये नंतर आलाय. सत्तरीच्या मध्यात कोरियन पिक्चरमध्ये कामं करायला लागला, तिथून हाँगकाँगचा निर्माता-दिग्दर्शक एन्ग सी-युएन याने त्याला १९७६ च्या सिक्रेट रायव्हल्समध्ये व्हिलन म्हणून घेतला, पात्राचं नाव सिल्व्हर फॉक्स. ते नाव असं चिकटलं की पुढे आयुष्यभर लोक त्याला सिल्व्हर फॉक्सच म्हणत राहिले. मग पुढची सात-आठ वर्षं पिक्चरवर पिक्चर, जवळजवळ सगळीकडे व्हिलन, आणि त्यातले बरेचसे इतके स्वस्तात काढलेले की विग चिकटवलेला डिंकसुद्धा दिसतो.

तर प्रश्न असा की हे बघायचं कसं? कारण तयारी न करता बसलात तर दहा मिनिटात हसून हसून बंद कराल.

सगळ्यात आधी नाव. हाँगकाँगवाल्यांनी त्याच्या नावाचं चिनीकरण केलं आणि मग इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी आपापल्या मनाने स्पेलिंगं केली, त्यामुळे कुठे ह्वांग जांग ली, कुठे ह्वांग जुंग ली, कुठे वाँग चेंग ली, कुठे ह्वांग चेंग ली, आणि कोरियन माणसाला विचाराल तर तो ह्वांग जोंग-री असं काहीतरी म्हणेल. सगळा एकच माणूस. सर्च करताना दोन-तीन स्पेलिंगं मारून बघा नायतर अर्धे पिक्चर सापडणारच नाहीत. पिक्चरच्या नावांचाही तसाच गोंधळ, एकच पिक्चर तीन नावांनी विकलेला असतो, आणि जॅकी मोठा झाल्यावर तर ज्यात जॅकीचा संबंधच नाही अशा पिक्चरच्या कव्हरवर पण जॅकीचा फोटो छापायचे. मी स्वतः एकदा स्टेशनबाहेर असली एक सीडी घेतली होती, कव्हरवर जॅकी, आत जॅकीचा पत्ता नाही, वैतागून बंद करणार तेवढ्यात हा पांढऱ्या विगवाला आला आणि मी पुढचा दीड तास जागचा हललो नाही. तेव्हापासून कव्हर बघायचं सोडलं.

आता प्रिंट. इथे कंटाळा करू नका, सगळा खेळ याच्यावर आहे. हे पिक्चर बहुतेक सगळे रुंद पडद्यासाठी शूट केलेले, ज्याला आपण सिनेमास्कोप म्हणायचो ते. नंतर व्हिडिओ कॅसेट काढताना टीव्हीच्या चौकोनात बसवायला दोन्ही बाजू कापल्या. प्रेमकहाणी असती तर चाललं असतं, फार तर एखादी खुर्ची कापली जाते. पण इथे माणूस डावीकडे उभा, लाथ उजवीकडे लागते, मधे सहा फूट अंतर, आणि कापलेल्या प्रिंटमध्ये काय दिसतं तर अर्धा माणूस, एक गुडघा आणि मग आवाज, फाट्. लाथ पोचली कुठे ते पडद्याबाहेरच राहिलं. म्हणजे ज्याच्यासाठी पिक्चर बघायचा तेच कातरून टाकलंय.

ओळखायचं कसं? सुरुवातीची नावं बघा. नावांच्या वेळी माणसं उभी ताणल्यासारखी लांबट दिसत असतील आणि नावं संपल्या संपल्या एकदम नॉर्मल झाली, तर समजा पुढचं सगळं कापलेलं आहे. किंवा दोघं बोलतायत आणि कॅमेरा एकाच्या नाकावरून दुसऱ्याच्या नाकावर उगाच सरकतोय, तरी तेच. असली प्रिंट सोडून द्या, वरखाली काळ्या पट्ट्या असलेली शोधा, मग ती कितीही रेघारेघांची, लालसर पडलेली असली तरी चालेल. रंग उडालेला परवडला, पाय कापलेला परवडत नाही. आणि मोबाईलवर बघत असाल तर ते दोन बोटांनी फाकवून पडदा भरायची सवय आहे ना, ती इथे करायची नाही, हात जोडून सांगतो.

भाषेचं फार टेन्शन घेऊ नका. त्या काळी हाँगकाँगात पिक्चर आवाजाशिवायच शूट करायचे, सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलायचा, आवाज नंतर स्टुडिओत भरायचे. त्यामुळे इंग्लिश डबिंग असो, नाहीतर मँडरिन, कँटोनीज या चिनी भाषांतलं असो, यातला कुठलाच आवाज बहुधा त्याचा स्वतःचा नसतो. इंग्लिश डबिंग तर हाँगकाँगमध्ये राहणारी मोजकी गोरी माणसं करायची, तेच चार-पाच आवाज सगळ्या पिक्चरभर फिरतात, दहा पिक्चर झाले की तुम्हालाच ओळखू यायला लागतं की अरे मागच्या पिक्चरचा गुरू इथे व्हिलन झालाय. ओरिजिनल भाषेचा हट्ट असेल तर बघा, पण सबटायटल प्रिंटवरच छापलेली असतात, पांढऱ्या अक्षरात, आणि अर्धी माणसं पांढरे कपडे घालून हिंडतायत, मग वाचत बसा. मी तर म्हणतो ज्याची प्रिंट रुंद मिळेल ती भाषा आपली.

कुठून सुरुवात करायची? जॅकीपासूनच करा, ओळखीचं तोंड असलं की बरं पडतं. स्नेक इन द ईगल्स शॅडो, १९७८ चा. दिग्दर्शक युएन वू-पिंग, म्हणजे तोच ज्याने पुढे मॅट्रिक्सची फायटिंग बसवली, आणि हा त्याचा दिग्दर्शक म्हणून पहिला पिक्चर. जॅकी तेव्हा दुसऱ्या निर्मात्याकडे बांधलेला होता, तिथले पिक्चर चालेनात म्हणून एन्ग सी-युएनकडे दोन पिक्चरसाठी उसना दिलेला. दोन पिक्चर म्हणजे हा आणि त्याच वर्षी आलेला ड्रंकन मास्टर, आणि दोन्हीकडे व्हिलन आपला ह्वांग. म्हणजे जॅकीला स्टार करणारे जे दोन पिक्चर, त्यात समोर उभा राहून मार देणारा आणि खाणारा हाच. कुस्तीत म्हणतात ना, जोड तोलामोलाची असली तरच कुस्ती रंगते, समोरचा पैलवान हलका असेल तर जिंकणाऱ्यालाही टाळी पडत नाही. जॅकीला टाळ्या पडल्या त्यात अर्धा वाटा या माणसाचा आहे आणि तो वाटा त्याला कोणी दिला नाही.

आणि मार म्हणजे खरोखरचा मार. स्नेक इन द ईगल्स शॅडोच्या शूटिंगमध्ये याची लाथ जॅकीच्या तोंडाला लागून त्याचा दात गेला, हा किस्सा प्रसिद्ध आहे. अजून एक मजा, या पिक्चरमध्ये तो पांढऱ्या केसांचा म्हातारा उस्ताद दाखवलाय, पण हिशेब करा, १९७८ मध्ये हा फक्त तेहतीस वर्षांचा. दाढी-मिशी-विग चिकटवून तेहतिशीतला माणूस म्हातारा केलाय आणि मग म्हातारा डोक्यापर्यंत लाथ मारतो म्हणून आपण तोंडात बोट घालतो. फसवणूक आहे, पण गोड आहे.

आता मुख्य धडा, लाथ बघायची कशी. हे वाचून झाल्यावर बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

लाथ लागते तिथे बघू नका. सगळे तिथेच बघतात, समोरचा कसा उडाला, कुठे पडला. त्यात काय, समोरचा स्टंटवाला आहे, त्याला उडायचेच पैसे मिळतात. तुम्ही बघायचा तो खाली टेकलेला पाय. लाथ मारताना जो पाय जमिनीवर असतो तो. आपल्याकडे कुस्ती बघणारे जुने लोक बघा, ते पैलवानाच्या हाताकडे बघतच नाहीत, पायाकडे बघून सांगतात की आता ढाक लागणार. तसंच. लाथ कमरेच्या वर न्यायची तर खालची टाच फिरवावी लागते, टाच फिरली की कंबर उघडते, कंबर उघडली की पाय वर जातो. कच्च्या माणसाची टाच अडखळते, मग तोल सावरायला हात पसरतो, खांदा मागे पडतो. ह्वांगची टाच बघा, बिजागरीवर दार फिरावं तशी फिरते आणि वरचं धड जागच्या जागी, चेहरा तर असा की बाबा चहा गाळतोय.

मग गुडघा बघा. त्याचा गुडघा आधी वर येतो, छातीशी येऊन एक क्षण थांबतो आणि त्यानंतर खालचा पाय सुटतो. त्या क्षणात समोरच्याला कळत नाही की ही पोटात येणार, का कानाखाली, का फिरून मागून. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही कळत नाही. गुडघा तोच, त्यातून तीन वेगळ्या लाथा निघतात. बरं एक लाथ मारून पाय खाली टेकवेल तर शपथ, तोच पाय हवेत ठेवून पोट, छाती, गाल, धाड धाड धाड, आणि मग सावकाश खाली. पाय खाली आणताना पण बघा, तो पडत नाही, तो ठेवतो. सिक्रेट रायव्हल्समध्ये तर एका उडीत, जमिनीला परत पाय लागायच्या आत, एकापाठोपाठ लाथा मारतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं एडिटिंगची लबाडी आहे. मागे घेऊन परत बघितलं, परत बघितलं, मधे कट नाही.

तो कट मोजायचा नाद मात्र लावून घ्या. एक शॉट सुरू झाला की मनात मोजायला लागा, किती फटके झाले आणि मग कट आला. आजच्या पिक्चरमध्ये एक फटका दोन कटांत दाखवतात, म्हणजे हात उचलला हा एक शॉट, गालावर लागला हा दुसरा, त्यामुळे कोणीही हिरो फायटर वाटतो. इथे दहा-बारा फटके एका शॉटमध्ये, पूर्ण माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतोय, कॅमेरा लांब. हे काही फार मोठी कला म्हणूनच केलेलं असं नाही बरं का, रीळ महाग, दिवस कमी, कॅमेरे जास्त लावायला पैसे नाहीत, मग एकाच जागेवरून सगळं उरकायचं. पण त्या कंजूषपणामुळे झालं काय, की ज्याला येतं तोच टिकला. पैसे असते तर लपवता आलं असतं.

लबाडी अजिबात नाही असं मात्र समजू नका. एक म्हणजे स्पीड. शूट करताना कॅमेरा थोडा हळू चालवायचा, म्हणजे सेकंदाला २४ च्या जागी २०-२२ फ्रेम, मग दाखवताना सगळं भरभर दिसतं. पकडायचं असेल तर लढणाऱ्यांकडे बघूच नका, मागे बघा. धूळ उडाली तर ती खाली कशी बसते, कमरेचा पट्टा कसा लोंबतो, मागे एखादा माणूस चालत जात असेल तर तो मुंगीसारखा तुरुतुरु जातोय का. स्पीड वाढवलेला असला तरी ह्वांगच्या बाबतीत मला फरक पडत नाही कारण उंची आणि नेम काही स्पीडने येत नाही, पण माहीत असावं. दुसरं म्हणजे उडी. कॅमेरा एकदम जमिनीला टेकून वर आभाळाकडे बघायला लागला की समजायचं खाली उडवणारं काहीतरी ठेवलंय. तिसरं कोलांट्या. कोलांटी आली की तोंड शोधा, तोंड दिसत नसेल तर तो दुसराच कोणीतरी. लाथेच्या वेळी तोंड आणि पाय दोन्ही एकाच शॉटमध्ये दिसतात की नाही एवढंच बघा, आणि याच्या बाबतीत ते पुन्हा पुन्हा दिसतं.

आणि हा माझा लाडका उपाय, आवाज बंद करा. खरंच. एक फाईट म्यूट करून बघा. त्या काळच्या पिक्चरमध्ये बाही झटकली तरी सटॅक असा आवाज येतो, त्यामुळे फुसका फटका आणि खरा फटका कानाला सारखाच. आवाज गेला की बरेच हिरो एकदम गरीब दिसायला लागतात, हवेत हात फिरवणारे. ह्वांग म्यूटवर जास्त भीतीदायक वाटतो. आमच्या तालुक्याला एस्टी स्टँडच्या मागे एक व्हिडिओवाला होता, दोन रुपये तिकीट, सतरंजीवर बसायचं, त्याच्या टीव्हीचा आवाज मधेमधे जायचा आणि पोरं शिट्ट्या मारून आरडाओरडा करायची. तिथेच मी पहिल्यांदा या मिशीवाल्याला आवाजाशिवाय बघितला आणि बाकीची पोरं ओरडायची थांबली ते मला अजून आठवतंय. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गोठ्यातल्या पोत्याला लाथा मारत होतो, माझी जांघ धरली ती आठवडाभर, आणि घरी सांगताना सायकलवरून पडलो असं सांगितलं.

बरं आता मुद्दाम सिक्रेट रायव्हल्सकडे या, १९७६ चा. गोष्ट दोन ओळींची. एकाच्या हातात जोर, दक्षिणेकडचा, तो वाँग ताओ. दुसऱ्याच्या पायात जोर, उत्तरेकडचा, तो जॉन लियू. दोघांना सिल्व्हर फॉक्सला गाठायचंय, एकमेकांवर भरवसा नाही, शेवटी दोघं मिळून त्याच्यावर तुटून पडतात. जॉन लियूची लाथ पण सुंदर आहे, एक पाय डोक्याच्या वर नेऊन तिथेच ठेवतो, पण दोघांच्या पायात काय फरक आहे तो शेवटच्या मारामारीत नीट बघा. जॉन लियूचा पाय चाबकासारखा, लवचीक, बघत राहावं असा. ह्वांगचा पाय कुऱ्हाडीसारखा, वजन घेऊन येतो. दोघं हिरो आलटून पालटून दमतात आणि हा एकटा दोघांना पुरतो, म्हणजे स्क्रिप्टमध्ये लिहिलंय म्हणून हरतो, नाहीतर काही खरं नव्हतं.

आणि या पिक्चरमध्ये मागचं दृश्य बघा. तो हाँगकाँग नाहीये, कोरिया आहे. सुकलेलं पिवळं गवत, उघडे डोंगर, देवळांच्या छपराखाली हिरवा-लाल रंगवलेला लाकडी भाग. हाँगकाँगच्या स्टुडिओत पुठ्ठ्याच्या भिंती आणि कुंडीतली झाडं, इथे अख्खं देऊळ फुकटात मागे उभं. एकदा हे ओळखायला शिकलात की स्वस्तातल्या पिक्चरांचा अर्धा नकाशा कळतो, तोंडातून वाफ निघतेय, जमीन कडक झालीय, आणि हे बिचारे पातळ सुती कपड्यात तिच्यावर आपटतायत, तर हे शूटिंग कोरियातल्या थंडीतलं. पडताना ती माणसं जे तोंड करतात त्यात ॲक्टिंग किती आणि खरं किती देव जाणे.

कोरियातच का? एक तर स्वस्त पडायचं. दुसरं कारण सरकारी आहे आणि आपल्याला ते लगेच कळेल. तेव्हा दक्षिण कोरियात परदेशी पिक्चर आणायचा तर त्याचा कोटा असायचा, आणि तो कोटा देशात पिक्चर काढण्याशी जोडलेला. पैसा तर परदेशी पिक्चरमध्ये. मग कंपन्या काय करणार, भराभर, मिळेल त्या पैशात देशी पिक्चर काढून आकडा भरायचा. हाँगकाँगबरोबर भागीदारीत काढला तर तोही मोजायचे, आणि कधीकधी ती भागीदारी नुसती कागदावर, दोन कोरियन नट घुसवले की झाली भागीदारी. तर हे पिक्चर घाईत, कमी पैशात आणि आकडा भरायला का निघायचे ते आता लक्षात येईल. पिक्चर चांगला व्हावा अशी निर्मात्याची इच्छा असेलच असं नाही. मधे उभ्या त्या एका माणसाची मात्र असायची, निदान पाय बघून तरी तसंच वाटतं.

याच घाऊक बाजारातून पुढे एक भयंकर प्रकार निघाला, त्यापासून सांभाळून. हाँगकाँगच्या काही कंपन्या कोरियन पिक्चर घाऊक भावात उचलायच्या, नवं डबिंग, नवं नाव, दिग्दर्शक म्हणून आपल्या माणसाचं नाव, बहुतेक वेळा गॉडफ्री हो, की झाला नवा पिक्चर तयार. ज्या कोरियन दिग्दर्शकाने थंडीत कुडकुडत तो काढला त्याचं नाव गायब. पुढे पुढे तर जुन्या पिक्चरमध्ये गोऱ्या निन्जांचे चार सीन चिकटवून विकायला लागले. हे पण बघण्यासारखं असतं पण ते वेगळ्या मूडमध्ये, मित्र जमलेत, भेळ आहे, तेव्हा. ह्वांगसाठी बघायला बसला असाल आणि पहिल्या पाच मिनिटात रंगीबेरंगी निन्जा दिसले तर खुशाल पुढे पळवा.

पळवण्यावरून आठवलं. पळवायचं की नाही? माझे काही मित्र म्हणतात पिक्चर पूर्णच बघितला पाहिजे, मला ते पटत नाही. यातली कॉमेडी, म्हणजे ते तिरळे डोळे करणं आणि हॉटेलात भांडी फुटणं, ती मी बिनधास्त पळवतो. पण व्हिलनची पहिली एंट्री कधीही पळवायची नाही. ह्वांग बहुतेक पिक्चरमध्ये सुरुवातीलाच येऊन कोणातरी चांगल्या माणसाला संपवतो, दोन-तीन मिनिटांचाच सीन, आणि तो सीन म्हणजे त्याची तान. स्नेक इन द ईगल्स शॅडो असाच सुरू होतो. तिथे तो काय डाव दाखवतो ते लक्षात ठेवा कारण शेवटी हिरो त्याच डावाचा तोड घेऊन येणार असतो, मधला दीड तास म्हणजे तो तोड शिकायची शाळा. आणि मधे कधीतरी हिरो अर्धवट शिकून याच्यासमोर जातो आणि मार खाऊन येतो, तोही सीन सोडू नका. ड्रंकन मास्टरमध्ये तो सीन आहे, जॅकी गुरूला सोडून पळालेला असतो, वाटेत हा भेटतो, आणि हा त्याचा असा पाणउतारा करतो, जिवे न मारता, कंटाळा आल्यासारखा, की पोरगं निमूट गुरूकडे परत जातं. ह्वांगची ॲक्टिंग बघायची तर तिथे बघा. राग नाही, ओरडणं नाही, समोरच्याची किंमतच नाही अशा नजरेने बघतो. एवढ्या चांगल्या ॲक्टरला लोक नुसता लाथा मारणारा म्हणतात.

त्यानंतर इनव्हिन्सिबल आर्मर, १९७७. परत एन्ग सी-युएन, परत जॉन लियू. इथे ह्वांग असा मंत्री आहे ज्याने अंग लोखंडासारखं केलंय, कुठेही मारा लागतच नाही, मग त्याच्या अंगातली कच्ची जागा शोधायची. म्हणजे आपला दुर्योधनच की, तिथे मांडी, इथे कुठे ते स्वतः बघा, मी सांगणार नाही, आणि बरोबर लहान मुलं असतील तर जरा जपून. शेवटची मारामारी लांबच लांब आहे आणि तरी संपू नये वाटते. मग डान्स ऑफ द ड्रंक मँटिस, १९७९, ड्रंकन मास्टरमधला म्हातारा गुरू परत आणि समोर ह्वांग, या वेळी तो स्वतःच दारुडा झालाय, म्हणजे नेहमीचा ताठ माणूस इथे लडबडतो आणि त्या लडबडीत पाय कसा बरोबर सुटतो ते बघण्यासारखं आहे. सिक्रेट रायव्हल्सचा दुसरा भाग पण आहे, सिल्व्हर फॉक्सचा भाऊ गोल्ड फॉक्स सूड घ्यायला येतो, आणि भाऊ कोण तर तोच, विग बदलून. आपल्या जुन्या पिक्चरच्या जुळ्या भावांची आठवण येते.

हे पाच-सहा पचले की मग खालच्या फळीत उतरा, हेल्झ विंडस्टाफ, बुद्धा असॅसिनेटर, ड्रॅगन्स क्लॉज असले. इथे कथा शोधू नका. इथे एक वही घ्या आणि फक्त लाथा टिपा, कुठल्या मिनिटाला काय, मी खरंच टिपलंय, बायको म्हणते या माणसाला काम नाही. खालच्या फळीचा फायदा असा की इथे त्याच्यावर कोणाचा वचक दिसत नाही. मोठ्या पिक्चरमध्ये फाईट हिरोला शोभेल अशी बसवतात, लहान पिक्चरमध्ये हिरोलाच फारसं काही येत नसतं, मग सगळा भार याच्यावर आणि हा सुटतो.

एक हिटमॅन इन द हँड ऑफ बुद्धा म्हणून आहे, ८० च्या दशकाच्या सुरुवातीचा, हा ह्वांगने स्वतः दिग्दर्शित केला आणि हिरो पण स्वतःच. लोक हा सगळ्यात आधी बघायला सांगतात, मी म्हणतो सगळ्यात शेवटी बघा. हिरो म्हणून तो हसतो, चांगुलपणा करतो, मार खातो, शिकतो, आणि मला सारखं वाटत राहतं की हा आता वळून कोणाचातरी गळा धरणार. सवयच लागलेली असते ना. पण दहा-बारा पिक्चरमध्ये हरताना बघितल्यावर जेव्हा शेवटी त्याला जिंकताना बघाल तेव्हा जे वाटतं ते आधी बघितलं तर वाटणार नाही, म्हणून शेवटी. आणि १९८१ च्या टॉवर ऑफ डेथमध्ये, ज्याला गेम ऑफ डेथचा दुसरा भाग म्हणून विकलं, तिथे ब्रूस लीचे जुने शॉट वापरलेत आणि बाकी किम ताय-चुंग नावाचा दुसरा कोरियन पोरगा भाव खातो, त्यात ह्वांग आहे तेवढा बघून घ्या.

त्याने १९८२ च्या आसपास लाथा शिकवणारा एक व्हिडिओपण केलाय, द आर्ट ऑफ हाय इम्पॅक्ट किकिंग. गोष्ट नाही, विग नाही, नुसत्या लाथा. मी वर टाच आणि गुडघा म्हणालो ते तिथे एकदम स्वच्छ दिसतं. बघून लगेच घरात करायला जाऊ नका, जांघेचं मी सांगितलंच, आणि आता वयही राहिलं नाही.

याच्या नादाने पुढे बाकीचे कोरियन पण बघाल, कॅसानोव्हा वाँग आहे, हाँगकाँगचा नट-दिग्दर्शक सॅमो हंग याच्या वॉरियर्स टू या पिक्चरमध्ये, फिरून उडी मारून लाथ मारण्यात त्याचा हात, म्हणजे पाय, कोणी धरणार नाही. ड्रॅगन ली आहे, ब्रूस लीची नक्कल करणारा, मला फारसा आवडत नाही पण त्याची बॉडी बघून घ्या. पण ते नंतर.

आज रात्री वेळ असेल तर एवढंच करा, सिक्रेट रायव्हल्सची रुंद प्रिंट शोधा, शेवटची मारामारी लावा, आवाज बंद, आणि सिल्व्हर फॉक्सचा खाली टेकलेला पाय बघा, नुसता तोच. मग मागे घेऊन परत एकदा, अर्ध्या स्पीडवर.